३२ मिलिमीटरची रेषा : आयात कापसाचं वर्गीकरण धाग्याच्या लांबीवरून करणं बरोबर आहे का?

वर्धेकर

फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात कापसावर आयात शुल्क आलं. ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ११ टक्के. पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याची रुई (सरकी काढलेला कापूस) यातून वगळली. माझ्या मते गेल्या काही वर्षांत कापसाबाबत घेतलेला हा सर्वांत समंजस निर्णय आहे आणि ही रेषा टिकली पाहिजे.

कारण सांगतो. सीमाशुल्काच्या दरपत्रकात ५२०१ हे शीर्षक म्हणजे कार्डिंग-कोंबिंग (तंतू पिंजून-विंचरून सरळ करणं) न झालेला कापूस. सरकीसकटचा कापूस, जिनिंग झालेली रुई, ब्लीच केलेली रुईसुद्धा यातच येते. कार्डिंग झालं की ५२०३, गिरणीतली वेस्ट ५२०२ आणि सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू, म्हणजे लिंटर, तर पार चौदाव्या प्रकरणात. म्हणजे या शीर्षकांना प्रक्रिया दिसते, पण शेतकऱ्याला जी स्पर्धा सोसावी लागते ती प्रक्रियेतून कळत नाही. इजिप्तची गिझा, अमेरिकेची पिमा आणि ब्राझीलची २८-२९ मिमीची साधी रुई, तिन्ही ५२०१. यवतमाळ-वर्ध्याचा बीटी कापूस साधारण २८ ते ३० मिमीचा. पिमा आल्यानं त्याचा भाव पडत नाही, ब्राझीलची रुई आली की पडतो. मग शुल्क लांबी बघूनच लावायला हवं.

सूतवाला_इचलकरंजी

पूर्ण असहमत. गिरण्या परदेशी रुई फक्त लांबीसाठी घेतात हा गैरसमज आहे. आम्ही ती स्वच्छतेसाठी घेतो. आपल्या गाठी फोडल्या की प्लास्टिकच्या पोत्यांचे तंतू, सुतळी, केस, पानांचा कचरा निघतो. निर्यातीच्या सुतात एक निळा प्लास्टिकचा तंतू गेला की रंगाईनंतर तो कापडावर उठून दिसतो आणि अख्खा लॉट परत येतो. ऑस्ट्रेलियाची २९ मिमीची रुई आणि आपली २९ मिमीची रुई तुमच्या रेषेला सारखीच, स्पिनिंग मास्टरला मुळीच नाही. तीस-चाळीस काउंटचं, म्हणजे मध्यम जाडीचं, सूत काढणाऱ्याला ३२ मिमीच्या सवलतीचा उपयोग शून्य. तो ११ टक्के भरतो आणि बांगलादेश-व्हिएतनामच्या गिरणीशी त्याच बाजारात भाव लावतो.

वऱ्हाडी_बोंड

सूतवाले भाऊ, निर्यातीचं सूत काढणाऱ्याला ॲडव्हान्स ऑथोरायझेशनवर (निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल आणायचा परवाना) बिनशुल्क रुई आणता येते, हे सांगायचं राहिलं का? मग सगळ्यांनाच सूट कशाला पाहिजे?

आणि वर्धेकर, तुमची रेषा कागदावर छान आहे हो, पण ती टिकली कुठे? २०२२मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर शुल्क माफ. १९ ऑगस्ट २०२५ला पुन्हा माफ, कोणत्याही लांबीला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. राजेहो, दसरा-दिवाळीलाच आमची पहिली वेचणी घरात येते! लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये जाहीर झालेला, पण खासगी व्यापारी त्याच्या जवळपास फिरकत नव्हता. सीसीआयच्या (सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर दिसला की गाडी परत. ८ टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला भाव कमी. आमच्या एका गाडीची एवढी मोजणी होते, मग बंदरावरच्या हजारो गाठींची किती होते?

गोदी_ते_गिरणी

बोंडभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर देतो. न्हावाशेव्याला कापसाची कागदपत्रं करणं हेच माझं काम. बिल ऑफ एंट्रीत (आयात मालाच्या घोषणापत्रात) वर्गीकरण आयातदार स्वतःच लिहितो, सोबत परदेशी विक्रेत्याचा चाचणी अहवाल जोडतो. अधिकाऱ्याला शंका आली तर नमुना काढतात आणि तोवर बाँड (हमीपत्र) घेऊन माल शुल्काच्या तात्पुरत्या निर्धारणावर सोडतात.

पिमाचा वाद होत नाही, ती ३५ मिमीच्या आसपास किंवा वर असते. वाद होतो काठावरच्या मालाचा. अमेरिकन पद्धतीत लांबी इंचाच्या बत्तिसाव्या भागात लिहितात. ४० स्टेपल म्हणजे असे ४० भाग, सव्वा इंच, ३१.७५ मिमी. ४१ स्टेपल म्हणजे ३२.५४. या एका आकड्याच्या फरकात पूर्ण ११ टक्के जातात किंवा वाचतात. आता त्याच गाठीतून दोन ठिकाणची चिमूट-चिमूट रुई काढून मोजा, आकडा हलतो. एचव्हीआय या तंतू तपासायच्या मशिनवर अपर हाफ मीन लांबी (लांब अर्ध्या तंतूंची सरासरी) येते, आपल्याकडच्या जुन्या अहवालांत २.५ टक्के स्पॅन लांबी हे वेगळं माप असतं, आणि हे दोन आकडे जुळत नाहीत. नमुना २१ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत मुरवल्याशिवाय तर कुठलाच आकडा धरू नये. ज्या रेषेवर एवढे पैसे अवलंबून आहेत, तिची मोजणी इतकी सैल ठेवणं मला मान्य नाही. म्हणून मी म्हणतो, सरसकट एकच दर ठेवा. ५ टक्के ठेवा, पण सगळ्यांना.

वर्धेकर

सरसकट ५ टक्के म्हणजे पिमावर नवं शुल्क आणि ब्राझीलच्या रुईवर निम्म्याहून जास्त सूट. जो माल आपल्याकडे अगदी थोडा पिकतो तो महाग करायचा आणि जो घरोघरी पिकतो तोच बाहेरून स्वस्तात येऊ द्यायचा? मोजणी सैल असेल तर ती घट्ट करा. कोणत्या मशिनवर, किती गाठींतून, कोणती लांबी, हे शुल्काच्या ओळीतच लिहा. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था १९२४पासून आहे. काठावरच्या मालाचे नमुने तिथं जाऊ द्या.

कपाशी_ते_कापड

सगळे ३२वर भांडताय, पण दुसरी रेषा कोणीच काढली नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ला लागू झाला. त्यात ५१ हजार टन, म्हणजे आपल्या १७० किलोच्या तीन लाख गाठी, बिनशुल्क. अट काय? लांबी किमान २८ मिमी. वर्धेकर, तुमच्याच हिशेबानं ही तर नेमकी विदर्भाच्या कापसाची लांबी. इथं लांबीवरच्या वर्गीकरणानं शेतकऱ्याला काय वाचवलं?

वर्धेकर

त्या करारात रेषा चुकीच्या जागी मारली आहे, हे माझं आधीपासूनचं मत. तिथंही ३२च हवी होती. पण तिथं निदान कोटा आहे, त्यापलीकडे पूर्ण शुल्क लागतं. ऑगस्ट २०२५च्या माफीला ना कोटा होता, ना लांबी. माझी मागणी एवढीच : ऑक्टोबर ते फेब्रुवारी ३२ मिमीच्या आतल्या रुईला कोणतीही माफी नको, आणि हे अधिसूचनेत नाही, कायद्यात लिहा.

सूतवाला_इचलकरंजी

फेब्रुवारीपर्यंत मी मान्य करतो. पण मार्चनंतर शेतकऱ्याच्या घरात फारसा कापूस उरत नाही, तो व्यापाऱ्याच्या आणि सीसीआयच्या गोदामात असतो. त्या महिन्यांतलं शुल्क कोणाला वाचवतं, ते वर्धेकरांनी सांगावं. आणि स्वच्छ रुईला जास्त भाव देणारी प्रतवारी बाजार समितीत सुरू झाली, तर यातली निम्मी आयात मी स्वतः बंद करीन.

वऱ्हाडी_बोंड

वेचणीला किलोमागे मजुरी देऊन, कापडाच्या झोळीत वेचून आणला, तरी भाव तोच मिळतो. जास्तीचे दोनशे रुपये क्विंटलला द्या, प्लास्टिकचं पोतं शेतात जाऊ देणार नाही.