‘आक्रमक कीटक’ आणि त्यांचा ‘धोका’

परक्या मुलखातले कीटक नव्या प्रदेशात पसरतील का, हे आधी कसं तपासतात यावरच्या अहवालाचं भाषांतर करते आहे. रूढ शब्द ‘आक्रमक कीटक’ आणि ‘धोक्याचं मूल्यमापन’. दोन्ही खटकतात. ‘आक्रमक’ म्हटलं की अंगावर धावून येणारी गांधीलमाशी दिसते. तुम्ही काय वापराल?

—

खटकायलाच हवेत. ‘आक्रमक’ने स्वभाव कळतो, इथे मुद्दा मुक्कामाचा आहे. टोळधाड येते, फडशा पाडते, पुढे जाते, ती धाड. उलट एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगेरा. २००२ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली गुपचूप पोखरत राहतात, आणि ॲशची कोट्यवधी झाडं गेली. यात आक्रमण कुठे दिसतं?

नुसतं ‘परकीय’ही पुरत नाही. युरोपातली मधमाशी सतराव्या शतकात अमेरिकेत नेली, ती परकीयच. पण तिला कुणी कीड म्हणत नाही. म्हणून नाइलाजाने ‘परकीय आक्रमक कीटक’ ठेवा, मात्र टप्प्यांना नेमके शब्द द्या: शिरकाव, बस्तान, फैलाव, नुकसान. अशी तपासणी कशी करायची ते सांगणारं आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचं ११ वं मानकही याच क्रमाने जातं.

—

‘बस्तान’ बोलीतला नाही का वाटत? ‘स्थिरावणे’ चालेल.

—

‘स्थिरावणे’त पिल्लावळ येत नाही. बस्तान बसलं म्हणजे पिढ्यामागून पिढ्या तिथेच वाढल्या. अमेरिकन लष्करी अळीचे पतंग दर उन्हाळ्यात उडत कॅनडापर्यंत पोचतात, पण गोठवणारा हिवाळा त्यांना सोसत नाही. तिथे शिरकाव दरवर्षी, बस्तान कधीच नाही. दोन्हींना ‘प्रसार’ म्हटलं तर हा फरकच पुसला जातो, आणि हवामान जुळतं का हे तपासायचं ते नेमकं बस्तानाच्या टप्प्यासाठी.

राहिला ‘धोका’. कीटक हाच धोका. तो येण्याची शक्यता किती आणि आला तर हानी किती, हे मिळून जोखीम. धोका ओळखायचा, जोखीम जोखायची. त्यामुळे ‘जोखीम-मूल्यमापन’.

—

पटलं. मथळ्यात ‘जोखीम’ घेते, तक्त्यात ‘बस्तान’. आता ‘प्रादुर्भाव’ही तपासते, मी तो फैलावासाठी वापरला होता, पण तो पिकावर कीड पडण्यासाठीच राखायला हवा.