जुन्या विजेच्या गाडीला डिझेलची जोड: क्लास ३१९ची ७६९ कशी झाली?

प्रश्न (सांधेवाला): ब्रिटनमध्ये १९८७ ते १९९० दरम्यान बांधलेल्या क्लास ३१९ या विजेच्या काही गाड्यांना डिझेल इंजिने जोडून, तारा नसलेल्या मार्गांसाठी त्यांचे क्लास ७६९ मध्ये रूपांतर करण्यात आले. मोटारी जुन्याच ठेवून हे कसे साधले, आणि त्याचा उपयोग झाला का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (रोहित्र): मूळ गाडीची घडणच येथे कामी आली. थेम्सलिंक मार्गावर लंडनच्या उत्तरेस २५ किलोव्होल्टची तार आणि दक्षिणेस ७५० व्होल्टचा तिसरा रूळ (चाकांच्या रुळांशेजारी टाकलेला, वीज पुरवणारा रूळ) असल्याने ३१९ पहिल्यापासून दोन्हींवर चालत असे. त्यामुळे डब्याखाली बसवलेल्या दोन डिझेल जनित्रांची वीज रेक्टिफाय करून (उलटसुलट वाहणारी एसी एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीत बदलून) त्याच ७५० व्होल्टच्या परिपथात सोडली, की मोटारींच्या लेखी तो तिसरा रूळच.

उत्तर (घाटवाट): कल्पना उत्तम होती, परंतु हिशेब तोकडा पडला. चार मोटारींची क्षमता ९९० किलोवॅट, तर दोन्ही इंजिने मिळून जेमतेम ७८०. त्यात गाडीचे वजन वाढलेले. डिसेंबर २०१६ मध्ये घोषणा झाली आणि पहिले प्रवासी वेल्समध्ये बसले ते नोव्हेंबर २०२० मध्ये. तेथे तारा अजून कार्यान्वित नसल्याने या गाड्या केवळ डिझेलवरच धावल्या आणि २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, याची मला मनापासून हळहळ वाटते. साऊथपोर्टहून मँचेस्टरमार्गे जाणाऱ्या सेवेत मात्र या प्रकारच्या गाड्यांनी विजेवर आणि डिझेलवर असे दोन्ही प्रकारे काम केले. रेडिंग–गॅटविक मार्गासाठी तयार केलेल्या, तीन स्रोतांवर (तार, तिसरा रूळ आणि डिझेल) चालणाऱ्या गाड्या प्रवासी सेवेत आल्याच नाहीत.

उत्तर (विरारकर): दोन प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आपल्याकडेही होत्या. मुंबईत १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसी होती; ती टप्प्याटप्प्याने बदलून २५ किलोव्होल्ट एसी करताना (चर्चगेट–विरारचे काम २०१२ मध्ये, हार्बरचे २०१६ मध्ये पूर्ण झाले) दोन्हींवर चालणाऱ्या लोकल लागल्या. प्रवाह बदलण्याच्या जागी डब्यातले दिवे जात, पंखे मंदावत, मोटारींचा आवाज थांबून फक्त चाकांचा खडखडाट उरे आणि थोड्याच वेळात सगळे पुन्हा सुरू होई. खरी कसोटी याच क्षणाची असते, कारण डीसीच्या परिपथावर चुकून २५ किलोव्होल्ट आले तर उपकरणे जळून जातात. म्हणून तारेत कोणता प्रवाह आहे हे यंत्रणेने आधी ओळखावे लागते. डिझेलच्या जोडीत जनित्राच्या विजेचा दाब आपल्याच हाती असल्याने तेवढी एक चिंता कमी होते.