जिल्हा बाल संरक्षण कक्षात जॉइन होऊ का? घरचे नको म्हणतायत

सावली२४:
नमस्कार मंडळी, एमएसडब्ल्यू होऊन दीड वर्ष झालं, सध्या एका संस्थेत सर्व्हेची कामं करते. आता मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ता म्हणून सिलेक्शन झालंय, मिशन वात्सल्य म्हणजे मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी योजनेतलं पद, कंत्राटी, मानधन १८,५३६. आई म्हणते सरकारी ऑफिसात बसणार पण सरकारी नाहीस, मग उपयोग काय. बाबांचं वेगळंच, लोकांची लग्नं मोडत फिरणार का तू? मला करायचंय पण रोजचं काम नक्की काय असतं ते कुणीतरी खरं सांगा.

फाईलवाली:
जॉइन हो, पण काय पत्करतेयस ते समजून. मिशन वात्सल्यला आधी आयसीपीएस म्हणत, तेव्हापासून मी यात आहे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर मुलं सोडवत फिरतो, अगं अर्धा दिवस कागदात जातो. बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० मिळतात पोराला, त्यासाठी वडिलांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, पासबुक, आणि आजी बिचारी चार चकरा मारते कारण आधारवर नातवाचं नाव गणेश आणि शाळेत गणपत. हे काम कंटाळवाणं वाटेल पण त्या घरात पैसे यामुळंच पोचतात.

खरं कसब लागतं ते सामाजिक तपासणी अहवालाला. मूल घरी द्यायचं की संस्थेत ठेवायचं हे बाल कल्याण समिती ठरवते, पण बघते तुझी चार पानं. मी पहिल्यांदा लिहिलं होतं 'घरची परिस्थिती हलाखीची', झालं. समितीतल्या मॅडमनी एवढंच विचारलं, पोरगी झोपते कुठं? मला माहीतच नव्हतं. परत गेले. पत्र्याच्या एका खोलीत सहा जण, आणि ही रोज रात्री पांघरूण काखेत मारून शेजारच्या म्हातारीकडं झोपायला जायची. का जाते ते विचारलं आणि केसच बदलली. पुढचं इथं लिहीत नाही, मुलाची ओळख पटेल असं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ पाठच करून टाक. आणि हो, गृहभेटीला गेलीस की लोकांचे डबे उघडून बघू नकोस, काही जण बघतात.

ग्रामसेवक_भाऊ:
बाबांच्या मुद्द्यावर बोलतो. लग्न मोडायला ताई एकट्या जात नाहीत हो, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आम्हीच, त्यामुळं पहिल्या शिव्या आम्हाला. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन येतो, मग कक्षातून ताई, पोलीस आणि मी. एकदा अक्षय तृतीयेला पोचलो तर हळद लागलेली, वडील आधार कार्ड नाचवतायत, त्यावर मुलगी १९ ची. आमच्या ताईंनी मुख्याध्यापकांकडून निर्गम उतारा आधीच मोबाईलवर मागवून ठेवला होता, त्यात १५ पूर्ण. वय ठरवताना शाळेचा दाखला आधी धरतात, तिथं वाद संपला. जेवण शिजलेलं होतं, पाहुणे जेवून गेले. मुलगी मात्र आमच्यावरच चिडलेली, समितीसमोर नेईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. आणि पालकांनी हमीपत्र लिहून दिलं तरी पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात गुपचूप उरकतात, त्यामुळं त्या दिवशी थांबवणं सोपं, नंतर लक्ष ठेवणं अवघड.

सोडून_दिलं:
मी दोन वर्षांनी बाहेर पडलो, कामाला कंटाळून नाही. आमच्याकडं मानधन दोन-दोन महिने थकायचं, ऑर्डर ११ महिन्यांची, गावोगाव फिरायचं पेट्रोल खिशातलं आणि बिल कधी निघेल ते देव जाणे. लग्नाच्या स्थळांना सांगताना 'महिला व बाल विकासला आहे' म्हणायचो, कंत्राटी म्हटलं की चहा लवकर संपायचा 😄 रात्री ११ ला स्टँडवर पोरगं सापडलं की फोन तुलाच. २४ तासांत समितीसमोर हजर करायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून. त्या दिवशी बैठक नसली तर एका सदस्यासमोर नेता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, पहिल्या वेळी घाम फुटला. सगळ्या सदस्यांचे नंबर पहिल्याच दिवशी घे. तरी खोटं नाही बोलत, आता बँकेच्या वसुलीत आहे, पगार वेळेवर, पण तिथल्यासारखी झोप नाही लागत.

सावली२४:
सगळ्यांचे आभार, फाईलवाली ताई ते पांघरुणाचं आईला वाचून दाखवलं, काही बोलली नाही पण नको पण म्हणाली नाही. एक विचारायचं राहिलं, फिरायला ऑफिसची गाडी मिळते का? मला टू व्हीलर येत नाही.

फाईलवाली:
गाडी साहेबांना पुरली तर तुला. जॉइनिंगला किती दिवस आहेत?

सावली२४:
बारा 😬

ग्रामसेवक_भाऊ:
भरपूर झाले. भावाची स्कूटी घ्या आणि उद्या सकाळीच मैदानावर जा, आमच्या रस्त्यांचं नंतर बघू.