वडिलांचे वेब्ली देऊन वापरलेले कानपुरी रिव्हॉल्वर घ्यावे का?

प्रश्न:
माझे वडील वारल्यानंतर त्यांचे वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीचे पॉइंट ३२ बोरचे (बोर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचात) रिव्हॉल्वर वारसाहक्काने रीतसर माझ्या परवान्यावर चढले. आमचे शेत गावापासून दूर असल्यामुळे ते बाळगणे मला आवश्यक वाटते. मात्र अलीकडे ते उघडताना-मिटताना ते मिटलेले ठेवणारी वरची खिट्टी पूर्वीसारखी घट्ट बसत नाही. तालुक्याच्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याने सुचवले आहे की हे त्याला द्यावे आणि त्याच्याकडचे वापरलेले, कानपूरच्या आयुध निर्माणीचे पॉइंट ३२ घ्यावे. वर पैसे द्यावे लागणार नाहीत. कानपूरच्या शस्त्राचे सुटे भाग मिळतात, हा त्याचा मुख्य मुद्दा आहे. मी काय करावे?

पहिले उत्तर:
सौदा बरोबरीचा आहे असे समजून होकार देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात बंद असल्यामुळे चांगल्या स्थितीतले वेब्ली बाजारात देशी शस्त्रापेक्षा पुष्कळ महाग विकले जाते, आणि हे विक्रेत्याला तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. आणखी एक गोष्ट म्हणजे कानपूरचे हे पॉइंट ३२ मुळात वेब्लीच्याच रचनेवर बेतलेले आहे. तेही मध्ये दुमडून उघडते, त्यालाही तशीच बिजागरी आणि तशीच खिट्टी असते. म्हणजे आज तुम्हाला जी झीज खटकते आहे, तीच दुसऱ्या कोणाच्या हातून झिजलेल्या शस्त्रात असू शकते. काडतुसेही दोन्हींना तीच लागतात. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली चालतात, त्यामुळे त्या बाजूनेही काही फायदा नाही.

दुसरे उत्तर:
निर्णय किमतीवर नव्हे, तपासणीवर घ्यावा. दोन्ही शस्त्रे रिकामी करून, काडतुसांची सहाही घरे डोळ्यांनी पाहून खात्री केल्यावर, एका हातात मूठ व दुसऱ्यात नळी धरून बिजागरीत खुळखुळ जाणवते का ते पाहावे. नंतर अंगठ्याने घोडा धरून, चाप दाबून घोडा हळूच खाली आणावा आणि चाप तसाच दाबून ठेवून ही घरे असलेली फिरती चक्री दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. घर नळीसमोर नेमके थांबले नाही, तर गोळी नळीच्या मागच्या, चक्रीकडच्या तोंडाशी खरवडली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. हा दोष खिट्टीच्या ढिलेपणापेक्षा गंभीर असतो. नळीत उजेड पाडून गंजाचे खड्डे पाहावेत. खिट्टी सैल असणे हा बहुतेक वेळा स्प्रिंगचा किंवा झिजलेल्या कडेचा प्रश्न असतो आणि परवानाधारक कारागीर तो दुरुस्त करू शकतो. मात्र तोवर त्यातून एकही गोळी झाडू नये.

तिसरे उत्तर:
कागदपत्रांविषयी थोडेसे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार खाजगी परवानाधारकाने शस्त्र विकण्याचा किंवा हस्तांतरित करण्याचा हेतू जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. त्याआधी ‘शस्त्र ठेवून जा, कागद नंतर करू’ असे कोणी म्हटले तर ऐकू नये. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोन शस्त्रे ठेवता येतात. तुमच्या परवान्यावर हे एकच असेल, तर वेब्ली न देता दुसऱ्या शस्त्राच्या नोंदीसाठी अर्ज करण्याचा मार्ग मोकळा आहे. मंजुरी अर्थातच अधिकाऱ्यांच्या हाती.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. काल कारागिराला दाखवले. चक्री पक्की आहे, नळी स्वच्छ आहे, खिट्टीची स्प्रिंग मात्र दमली आहे आणि ती बदलून देण्यास तो तयार आहे. विक्रेत्याचे रिव्हॉल्वर पाहायला गेलो तेव्हा चाप दाबलेला असतानाही त्याची चक्री स्पष्ट हलत होती. मी नकार कळवला आहे.