सुट्टीतल्या कामाला सरकारनं पैसे द्यावेत का?

रंकाळाकाठ: परीक्षा संपली की कॉलेजची पोरं मोबाइल घेऊन लोळत पडतात. कॅनडाचं केंद्र सरकार १५ ते ३० वयाच्या पोरांना उन्हाळ्यात कामावर घेणाऱ्यांना अनुदान देतं. छोट्या खासगी धंद्याला किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंत, सेवाभावी संस्थेला पूर्णसुद्धा. आपल्याकडं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. पण शिक्षण चालू असलं की अपात्र! आधी कॉलेज सोडा, मग या. सुट्टीपुरती अशी योजना का नको?

शिरोलीकर: भावा, माझं मशीन शॉप आहे. पोराला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, वाचायला शिकवण्यात पहिले पंधरा दिवस जातात. मशीनवरच्या कुठल्या जॉबला, म्हणजे सुट्या भागाला, माप तपासायचं कुठलं गेज हे कळायला लागेपर्यंत कॉलेज सुरू. तोवर मशीन लावून देणारा माझा सेटर त्याच्यामागं. त्याचं थांबलेलं उत्पादन कोण भरून देणार? आणि फाउंड्रीत भट्टीजवळ तर नवखं पोर नकोच.

कागलची_पोरगी: काम म्हणजे फक्त एमआयडीसी काय? लग्नसराईत मी साडीच्या दुकानात उभी होते. गिऱ्हाईक ढीगभर साड्या उलगडून एक न घेता जायचं, रात्री शटर ओढल्यावर सगळ्यांच्या घड्या आम्हीच घालायच्या. पगार ठरल्यापेक्षा कमी, तोही हातात, चिठ्ठी-चपाटी काही नाही. अनुदान घ्यायचं तर मालकाला हजेरीपत्रक तरी ठेवावं लागेल.

उलटा_सूर: हजेरीपत्रक? पदवीच्या ओजेटीची, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची, पत्रं बघितलीस का? ओळखीच्या ऑफिसात सही-शिक्का मारून घेतात आणि पोरगं घरीच. इथं पैसा आला की कागदावरची पोरं वाढणार. शिवाय निम्म्या पगारात पोरगी मिळाली की दुकानात वर्षभर राबणाऱ्या मावशीला मालक मे महिन्यात घरी बसवणार.

रंकाळाकाठ: म्हणून तर पैसे थेट पोराच्या खात्यात द्या. आहे तो कामगार कमी केला की अनुदान बंद. आणि कोल्हापुरात शाहू महाराजांचं नाव घेणाऱ्यांनी शिक्षणावर खर्च नको म्हणू नये.

निवृत्त_मास्तर: महाराज येणारच होते! त्यांनी १९०१ पासून वसतिगृहांना बळ दिलं ते पोरांची राहण्या-जेवणाची भ्रांत मिटावी म्हणून. आज गगनबावड्याचं पोर सुट्टीत इथं कामाला थांबलं, तर खोलीभाडं आणि डबा यातच पगार संपतो. मग काम शहरातल्याच पोरांना. पैसा असेल तर मे महिन्यात वसतिगृह आणि मेस चालू ठेवा, अनुदानाचं मागाहून बघू.

कागलची_पोरगी: सर, मेस झाली, जूनमधली फी? ती डब्यातून निघत नाही. दोन्ही पाहिजे.

शिरोलीकर: स्टोअरमधला माल मोजून कॉम्प्युटरवर चढवायला दोन पोरं घेईन, निम्मा पगार माझा. मशीनवर नाही. सेटरच्या पैशाचं अजून कुणी बोललेलं नाही.