नुसत्या घनतेवर जाऊ नका
घनता १.०५ आली की बेंटोनाइट स्लरी (बोअरच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्यात भरतात ते चिकणमाती-पाण्याचं मिश्रण) ठीक, असं काही जण म्हणतात. अर्धंच खरं. वाशीला खाडीकाठी पायलिंगवर (जमिनीत खोल बोअर घेऊन काँक्रीटचे खांब ओतायच्या कामावर) होतो तेव्हा मड बॅलन्सवर, म्हणजे घनता मोजायच्या तराजूवर, १.०५च यायचं, पण मार्श कोनमधून (दाटपणा मोजायचं नरसाळं, जितकी दाट तितका वेळ जास्त) स्लरी २९ सेकंदांत खाली! साधं पाणीच २६ घेतं. शेवटी टँकरचं पाणी मचूळ निघालं. खाऱ्या पाण्यात बेंटोनाइट नीट फुगत नाही, तळाशी बसतं. गोड्या पाण्यात कालवून रात्रभर मुरवली, तेव्हा कुठे ३८ वर आली.

बोअरमधून परत येणाऱ्या स्लरीत मात्र आधी वाळू बघा, ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर. काँक्रीट ओतताना सिमेंट मिसळलं की पीएच चढतो, स्लरी दह्यासारखी थिजते. थोडं असेल तर खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) चालतो. जास्त असेल तर टाकूनच द्या, पण खाडीत नव्हे हं!