केनियाला जाण्याआधी यलो फीवरची लस : ग्रुपवरील चर्चा

ए-२०४ :
नमस्कार. आम्ही दोघे आणि माझे ६८ वर्षांचे सासरे मे महिन्यात केनियाला जात असून, परतताना दुबईत चार दिवस थांबून मुंबईला उतरणार आहोत. यात्रा कंपनीने यलो फीवरच्या लशीचा दाखला मागितला आहे. मात्र गंगापूर रोडवरील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ही लस नाही. दुबईमार्गे येत असल्याने ती टाळता येईल का?

सी-५०१ :
ताई, टाळता येणार नाही. केनिया सोडल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे दाखला नसेल, तर त्याला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते आणि तुमचा दुबईचा मुक्काम चारच दिवसांचा आहे. हा नियम आपल्याच सरकारचा आहे. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आहे, आणि नाशिककरांना त्याची ओळख करून द्यायला नको, कारण दर पावसाळ्यात डेंग्यू पसरवतो तो हाच. लस सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांवरच घ्यावी लागते. मुंबईत सहारचे विमानतळ आरोग्य केंद्र त्यांपैकी एक आहे. तिथली वेळ आधी ठरवून मगच कसारा घाट उतरावा. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून काहीही साधत नाही.

खरी काळजी तुमच्या सासऱ्यांची आहे. ही जिवंत विषाणूंची लस असल्याने साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका, तो क्वचितच होत असला तरी, तरुणांपेक्षा अधिक असतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर ती सहसा देतच नाहीत. म्हणून तिकिटांचे पैसे भरण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचे मत घ्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

बी-१०२ :
माझ्या २०११ च्या दाखल्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली आहे. लस पुन्हा घ्यावी लागेल का?

सी-५०१ :
नाही. ११ जुलै २०१६ पासून जुने दाखलेही आजन्म वैध मानले जातात.

ए-२०४ :
मनःपूर्वक आभार. मसाई मारात मलेरियाही असतो, असे ऐकले. त्याचीही लस घ्यावी का?

सी-५०१ :
प्रवाशांसाठी मलेरियाची लस नाही, गोळ्या आहेत. कोणत्या, ते डॉक्टर ठरवतील. काही गोळ्या जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर आठवडाभर घ्याव्या लागतात, आणि घरी आलो म्हणून त्या मध्येच सोडणारेच पुढे तापाने आडवे होतात. दुबईमुळे आणखी एक गोष्ट : सासरे ट्रामाडॉल असलेली वेदनाशामके घेत असतील, तर तिथे त्यांवर निर्बंध आहेत, पूर्वपरवानगीचे आधी पाहून घ्यावे. लस घेण्यास जाताना तिघांचेही मूळ पासपोर्ट न्यावेत आणि दाखल्यावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून पाहावा.